घरात आज भरलेली भांडी किती?

प्रवासाला निघताना माणसं दशम्या आणि चटणी बांधून घेतात. मी दोनशे कोरे फॉर्म, चार पेन्सिली, एक खोडरबर आणि छत्री घेतली. दशम्या करून द्यायला घरात कुणी नव्हतं, आणि फक्त स्वतःसाठी दशम्या थापत बसण्याइतके माझे मी लाड करत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाला लागून आलेला तो उन्हाळा. पुण्यातल्या एका संस्थेत मी आकडेमोड करायला होते. परदेशातल्या एका मंडळाने ठरवलं होतं की गरीब देशांना मदत द्यायची ती डोळे मिटून नाही, मोजूनमापून. कोण किती गरीब हे त्यांना कागदावरून ठाऊक होतं. त्यांना हवं होतं ते वेगळंच. उद्या धक्का बसला, पाऊस गेला, पूर आला, तर आधी कोण कोसळेल? त्यासाठी त्यांनी एक फॉर्म केला होता आणि उत्तरांना गुण ठेवले होते. जितके गुण जास्त तितकं गाव कच्चं, म्हणजे तितकी मदत आधी. नापास होणाऱ्याला बक्षीस. आमच्या साहेबांनी याला मराठी शब्द काढला, ‘आघातप्रवणता’. हा शब्द मी सबंध प्रवासात एकदाच उच्चारून पाहिला, फलटणच्या स्टँडवर, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने मला पाणी हवं का विचारलं.

फॉर्म सगळ्या देशांसाठी एकच होता. त्यामुळे ‘घर समुद्रापासून किती लांब?’ आणि ‘कुटुंबाच्या मालकीची होडी आहे का?’ हेही प्रश्न होते. “एकही प्रश्न गाळायचा नाही, नाहीतर तुलना बिघडते,” असं साहेबांनी बजावलं होतं. आणखी दोन नियम होते. पाहणीच्या घरी जेवायचं-राहायचं नाही, आणि लोक सांगतात ते लिहायचं नाही, डोळ्यांना दिसतं ते लिहायचं. गरीब माणूस मदतीसाठी रडगाणं गातो, असं त्या मंडळाचं मत होतं.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आमच्या यादीत ज्या गावांना सगळ्यांत जास्त गुण पडतील तिथे मंडळ बोअर मारून हातपंप बसवून देणार होतं. पिशवीत काय घेऊन मी हिंडत होते ते यावरून कळेल.

वाई, फलटण

वाईला मी फक्त फॉर्मची रंगीत तालीम घेतली. घाटावर एका भटजींना होडीचं विचारलं. त्यांनी कृष्णेकडे पाहिलं. पात्रात गुडघाभर पाणी होतं आणि पोरं त्यात म्हशी धूत होती. “होडीचं काय घेऊन बसलात बाई,” ते म्हणाले, “सध्या नदीच कोरडी पडायला आलीय.” तरी त्यांनी सगळी उत्तरं नीट दिली आणि शेवटी मला विचारलं, “आणि आपल्या घरी कोण कोण?” मी म्हटलं, “मीच.” त्यांनी “बरं” म्हटलं आणि उपरण्याने वारा घ्यायला लागले. या प्रश्नाचं उत्तर मला पुढे रोज द्यावं लागलं. मी लोकांना चाळीस प्रश्न विचारायची आणि ते मला एकच विचारायचे.

फलटणकडे कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता. दुष्काळ कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात पडला असावा असं वाटत होतं. एका बागायतदाराने मला पंख्याखाली बसवून इतका गोड चहा पाजला की चमचा उभा राहिला असता. त्याच्या दारात पाण्याचा हौद होता आणि हौदात मोटारीचं पाणी पडत होतं. तो मात्र तासभर तक्रार करत होता. पाणी कमी सुटतं, कारखाना भाव देत नाही, मजूर माजलेत. नियम दोन मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. कान बंद ठेवायचे, डोळे उघडे ठेवायचे.

मिरज

मिरजेला स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. खाली सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची दुकानं होती. छताला भोपळे टांगलेले, आणि दुपारभर एक म्हातारा कारागीर एकच तार लावत बसलेला. छेडायची, कान द्यायचा, किंचित पिळायची, पुन्हा छेडायची. खिडकीत बसून मी त्याच्याबरोबर ऐकत राहायची. त्याला मी ठाऊकही नव्हते, पण आठ दिवसांत तेवढीच एक सोबत झाली. दवाखान्याला आलेल्या माणसांनी लॉज भरलेला होता. प्रत्येक खोलीत एका आजाऱ्यामागे चार माणसं, स्टोव्ह, भांडी, कुजबुज. माझ्या खोलीत दुसरी खाट रिकामी होती. तिच्यावर मी फॉर्म पसरून ठेवायची, म्हणजे ती रिकामी दिसत नसे.

जत तालुक्यातली एक वाडी

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

जतच्या एस.टी.ने मला फाट्यावर उतरवलं. कंडक्टर चांगला होता. “बाई, उद्या सकाळीच परत गाडी. आज मागारी जायला काय न्हाई,” असं त्याने उतरल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फाट्यावर एक चहाची टपरी आणि एक लिंबाचं झाड. तिथून पुढे दीड कोस चालत. जमीन भाजून भेगाळलेली, माळावर हिरवं म्हणावं असं काही नाही, आणि वाटेत भेटली ती फक्त माझी सावली. ती पायाखाली गोळा होऊन चालत होती.

वाडीत पंधरा-वीस घरं. पुरुष सगळे रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले, काही पलटणीत. पहिल्याच घराच्या दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. कपाळाला मोठं कुंकू, लुगड्याचा पदर खोचलेला. ती हौसाबाई. तिने मला नखशिखान्त पाहिलं आणि माझ्या हातातली छत्री आधी काढून घेतली.

“आवं बाई, ऊन लय झालंय. आधी आत या. काय इचारायचं ते मागनं इचारा.”

तिने मला ओसरीवर घोंगडीवर बसवलं आणि हातात गुळाचा खडा ठेवला. मग ती परसदारी गेली आणि कुणाला तरी हाक घातल्याचं मी ऐकलं, “अक्का, पाव्हणी आलीया गं.” हाक पुढच्या घराने पुढे दिली. मला ते फार गोड वाटलं. मी पुण्याच्या ज्या वाटेने रोज घरी येते तिथे मी आल्याची वर्दी कुणी कुणाला देत नाही.

अर्ध्या तासाने तिने मला आत बोलावलं, तेव्हा भिंतीशी भरलेली भांडी ओळीने मांडलेली होती. पितळी हंडे, तांब्याच्या घागरी, एक पातेलं. चिंचेने घासून लख्ख केलेली. वर झाकणं. मी झाकणं उचलून पाहिली, कारण नियम. सगळी काठोकाठ. प्रश्न अठरा : ‘घरात आज भरलेली पाण्याची भांडी किती?’ मी लिहिलं, दहा.

या प्रश्नाला सगळ्यांत जास्त गुण होते. भांडी जितकी कमी तितके गुण जास्त. दहा भांड्यांना शून्य.

होडीचा प्रश्न आला तेव्हा दारात पाच-सहा बायका जमल्या होत्या. “होडी?” हौसाबाईने विचारलं, “ती कुठं घालायची? हिरीत?” सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यातल्या एकीने “अगं यव्वा” म्हणत खालीच बसकण मारली. मीही हसले. निघाल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसत होते आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

“घरी कोन कोन हायत?” हौसाबाईचा प्रश्न आलाच.

“मी एकटीच.”

“मंग पानी कोन भरतं?”

“नळ आहे.”

हौसाबाई विचारात पडली. “आन् नळावर बोलायला कोन आसतं?”

“घरातच आहे नळ.”

“घरातच,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की कीव तिला माझी आली होती हे मला समजलं. मग ती उठली आणि म्हणाली, “चला, न्हाऊन घ्या. पानी तापलंय.”

मी नको म्हटलं. नियम सांगितला. तिने नियम ऐकून घेतला आणि दोन बादल्या न्हाणीत नेऊन ठेवल्या. मी खरं सांगते, अंगावर तीन दिवसांची धूळ होती. मिरजेच्या लॉजमध्ये अर्धी बादली मिळे. मी न्हाले. डोक्यावरून न्हाले. दुसरी बादलीही संपवली आणि वर गुणगुणलेसुद्धा. न्हाणीचं पाणी बाहेर एका मोठ्या घमेल्यात पडत होतं आणि तिथे एक शेळी वाट बघत उभी होती. मी केस पुसत फॉर्मवर टीप लिहिली : ‘सांडपाण्याची व्यवस्था उत्तम.’

जेवायला ज्वारीची पांढरी भाकरी, हुलग्याचं पातळ माडगं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. अशी चव पुण्यात नाही. हौसाबाई माझ्याबरोबर बसली नाही. नंतर पाण्याचा तांब्या ठेवायला चुलीपाशी गेले तर ती मिलोची लाल भाकरी चटणीशी खात होती. तो परदेशातून मदत म्हणून आलेला मिलो, रेशनचा. मला पाहून तिने ताट पदराआड केलं. तिथे मला समजायला हवं होतं. पण पोट भरलेलं होतं आणि केस ओले होते. भरल्या पोटी माणसाला फारसं काही सुचत नाही.

दुसरी सकाळ

सकाळी जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. उठून पाहते तर एकेक बाई आत येत होती, भिंतीशी जाऊन एक भांडं उचलत होती आणि जात होती. कुणीही चुकीचं भांडं उचलत नव्हतं. मी जवळ गेले. प्रत्येक भांड्याच्या गळ्याशी ठोक्याठोक्यांनी नाव घातलेलं होतं. सुभद्रा. कोंडाबाई. गंगव्वा. पार्वती. आपल्याकडे लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यावर तिचं नाव घालतातच. माझ्या आईच्या सगळ्या भांड्यांवर आहे. काल मी दहा भांडी मोजली, झाकणं उचलली, आत वाकून पाहिलं. नावं वाचली नाहीत.

दहांतली दोन हौसाबाईची होती, त्या दिवसाचा हंडा आणि आदल्या दिवशीचं राखलेलं पातेलं. बाकीची आठ, आठ घरांची. विहिरीने तळ गाठला होता. त्या तळातून वाटीवाटीने उपसून एकेका घराला दिवसाला एकच हंडा मिळे. तो हंडा त्यांनी काल माझ्यासाठी इथे आणून ठेवला होता. काही तर आता रिकामेच परत जात होते. ते कशाने रिकामे झाले ते माझ्या केसांना ठाऊक होतं.

“हे काय केलंत तुम्ही?” मी विचारलं.

“काय केलं? रीत हाय,” हौसाबाई म्हणाली. “ज्याच्या घरी पाव्हना, त्याच्या घरी समद्यांचा हंडा. उद्या गंगव्वाकडं कोन आलं तर माजा तिच्याकडं जाईल. पाव्हन्याला रिकामं भांडं दावायचं व्हय?”

मी तिला समजावून सांगितलं. या कागदावर दहा लिहिले तर वाडीला हातपंप मिळणार नाही. मी खोडून दोन करते. ती दोन वेळा ऐकून मग म्हणाली, “पंप यावा, लय यावा. गंगव्वाची सून सात म्हैन्याची पोटुशी हाय आन् हिरीत उतरती. पर बाई, आमच्यात आलेल्या पाव्हनीला पानी हुतं का न्हवतं, ह्ये तुमी न्हाऊन बसलाय. आता न्हवतं म्हनून कसं लिवशीला?”

“खरं तेच लिहीन.”

“खरं लिवा. पर आमचं नाक नगा कापू.”

यातली दोन्ही कामं एका चौकटीत बसत नव्हती. चौकट होती एका आकड्यापुरती. शेवटी मी दहा तसेच ठेवले आणि खाली ‘शेरा’ म्हणून जागा होती तिथे बारीक अक्षरात सगळं लिहिलं : आठ भांडी शेजारची, पाहुण्याच्या रिवाजाने आणलेली; दोन बादल्या पाणी पाहणी करणारीने स्वतः अंघोळीस वापरले. हौसाबाईला वाचून दाखवलं. रिवाजाचं ऐकून तिने मान डोलावली. मग छत्री माझ्या हातात देऊन ती फाट्यापर्यंत चालत आली. गाडी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “नळ आसला तरी कुनाकडं तरी जात जावा, बाई.”

सांगली

सांगलीच्या बाजारात मी एक हंडा घेतला. पितळी, मध्यम. दुकानदार जैन गृहस्थ होते. त्यांनी हंडा वाजवून दाखवला आणि कारागिराला बोलावलं. “नाव कुणाचं घालायचं?” दुकानदारांनी विचारलं.

मी म्हटलं, “हौसाबाई. तिला द्यायचाय.”

“भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचं घालत्यात, बाई. घेणाऱ्याला ठाऊक असतंय भांडं आपलं हाय म्हणून.”

तसं असतंच. मी माझं नाव सांगितलं. कारागिराने ठोके देऊन घातलं, कुमुद. आडनाव नाही, गाव नाही. हंडा मी जतच्या गाडीच्या त्याच कंडक्टरकडे दिला. “टपरीवर ठेवतो, तिथनं पोचंल,” तो म्हणाला. संध्याकाळी मिरजेच्या खोलीवर परत आले तेव्हा खालचा म्हातारा तीच तार लावत होता. मला इतकं एकटं वाटलं की खाली जाऊन त्याला काहीतरी विचारावंसं वाटलं. पण विचारायला माझ्याकडे होडी आणि समुद्र सोडून प्रश्न नव्हते. मी गेले नाही.

पुणे

परत आल्यावर समजलं की शेऱ्याला गुण नाहीत. सगळे आकडे एका तक्त्यात जाणार होते आणि तक्त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, की मी त्या घरी जेवले, राहिले, न्हाले. माझी पाहणी नियमाप्रमाणे रद्द करा आणि दुसरं माणूस पाठवा. साहेबांनी चष्मा काढला. “कुमुदताई, तुम्ही सुद्धा?” एवढंच म्हणाले. माझी पाहणी रद्द झाली. मलाही पाहणीतून काढून बेरजांच्या टेबलावर बसवण्यात आलं. मला वाईट वाटलं नाही. वाडीचं काम होणार होतं. हंड्याचं मात्र मी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं मला वाटलं.

जतला जोशी गेले. जोशी आमच्यातले सगळ्यांत काटेकोर. जाण्याआधी मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, की तिथे पाहुण्यासाठी भांडी गोळा करतात. ते हसून म्हणाले, “ताई, सांगितलेलं लिहायचं नाही ना?” आठवड्याने ते उन्हाने रापून आले आणि टेबलाशी उभे राहिले. “काय माणसं आहेत हो! जेवणाला नाही म्हटलं, राहिलो टपरीवर. पण अंघोळीला काही सोडेनात. अंघोळीला नियम कुठे आहे?”

मी विचारलं, “भांडी मोजलीत?”

“मोजली की. तक्त्यात बघा.”

त्यांचा फॉर्म माझ्याच गठ्ठ्यात आला. प्रश्न अठरा : अकरा.

जोशी खरोखर काटेकोर. शेऱ्यात त्यांनी एक ओळ लिहिली होती : ‘भांड्यांवर निरनिराळी स्त्री-नावे आहेत. एकावर कुमुद. बाकी विशेष नाही.’

तो फॉर्म घेऊन मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, यादी आज टपालात पडायची आहे, आणि एका वाडीसाठी तिसऱ्यांदा माणूस पाठवता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी जागेवर येऊन बसले. खूप वेळ ती ओळ वाचत राहिले. माझा हंडा आता वाडीतल्या हंड्यांत होता. पाहुणा आला की तो घासून, भरून, कुणाच्या तरी भिंतीशी ओळीत उभा राहत होता. मला रडू आलं, आणि ते दुःखाचंच होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मग मी पेन्सिल उचलली, अकराला शून्य गुण धरले आणि वाडीची बेरीज पुरी केली.